८५ हजारांचा रग, साडेनऊ हजारांची सतरंजी आणि ‘बिनव्याजी’ हप्ता

प्रश्न: आम्ही जुळे सोलापुरात नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलो आहोत. मी शिक्षिका, मिस्टर खासगी नोकरीत. दोघांचे मिळून ८२ हजार हातात येतात. घरकर्जाचा २६ हजारांचा हप्ता (व्याज साडेआठ टक्के) धरून महिन्याचा खर्च ५५ हजारांपर्यंत जातो. १० हजारांची एसआयपी आहे. बँकेत १ लाख ६० हजार आहेत, त्यातले १ लाख एफडीत. हॉलसाठी शोरूममध्ये हातमागावरचा लोकरीचा ८ बाय १० फुटांचा फ्लॅटवीव्ह (सपाट विणीचा) रग पाहिला. १२ बिनव्याजी हप्त्यांत ८५ हजार, रोख घेतला तर ७८ हजार. ‘याची किंमत वाढतच जाते, ही गुंतवणूक समजा,’ असं दुकानदार म्हणाले. तिथेच पंजा विणीची सुती सतरंजी ५ बाय ८ ची साडेनऊ हजारांना आहे. मिस्टरांचं म्हणणं, मशीनवरचा ८ बाय १० चा पॉलिस्टरचा गालिचा ६ हजारांत मिळतो, तो घे. धुलाईवाला चौरस फुटाला २५ रुपये सांगतो. माझ्या आजोबांचा घरात माग होता, म्हणून मला हातमागाचंच हवंय. एफडी मोडू, हप्ते घेऊ की मिस्टरांचं ऐकू? घरात ७२ वर्षांच्या सासूबाई आणि दोन वर्षांचा मुलगा आहे.

उत्तर: ताई, हातमागाचंच घ्या. पण ८५ हजारांचं नको, आणि हप्त्यावर तर मुळीच नको.

‘गुंतवणूक’ हा मुद्दा आधी निकालात काढू. तुरुंगांत विणलेल्या ब्रिटिशकालीन सतरंज्या आज लिलावात चांगल्या किमतीला जातात, हे खरं. आपल्याकडे येरवड्याचे गालिचे प्रसिद्धच होते. पण त्या वस्तू जुन्या, थोड्या आणि नोंद असलेल्या आहेत. आज शोरूममधून घेतलेला नवा रग पाच वर्षांनी विकायला काढलात, तर सोलापुरात गिऱ्हाईक कोण? त्याच दुकानदाराला विचारा, ‘तीन वर्षांनी निम्म्या किमतीत परत घ्याल का?’ उत्तर ‘हो’ असेल तर पावतीवर लिहून मागा. लिहून देणार नाहीत. सोनं गहाण टाकता येतं, एफडी मोडता येते. अंथरलेल्या रगाचं यातलं काहीच होत नाही. तो घरखर्च आहे, आणि घरखर्च म्हणून घेतला तर त्यात वाईट काही नाही.

आता हप्ते. रोख ७८ हजार आणि हप्त्यांनी ८५ हजार, म्हणजे बिनव्याजी कुठे राहिलं? फरक ७ हजारांचा, म्हणून व्याज नऊ टक्के असं वाटेल. तसं नाही. ७८ हजार वर्षभर तुमच्याकडे राहत नाहीत. दर महिन्याला ७,०८३ रुपये परत जातात, वर्षाची सरासरी काढली तर वापरायला निम्म्याच्या थोडी वरच रक्कम मिळते. गणित मांडलं तर व्याजदर सोळा टक्क्यांच्या पुढे जातो. तुमच्या घरकर्जाच्या जवळजवळ दुप्पट! त्यावर कार्डाच्या हप्त्याची प्रोसेसिंग फी, आणि बँक जे व्याज दाखवते त्यावर १८ टक्के जीएसटी, हे वेगळंच. दुकानात ‘झिरो’ची पाटी दिसली की आधी रोखीची किंमत विचारायची, दोन्ही किमती एकच असतील तरच पुढे बोलायचं.

एफडीला तर हातच लावू नका. महिन्याचा खर्च ५५ हजार, सहा महिन्यांचे झाले ३ लाख ३० हजार. तुमच्याकडे १ लाख ६० हजार आहेत, म्हणजे तीन महिनेसुद्धा भरत नाहीत. त्यात एक नोकरी खासगी, घरात वयस्कर माणूस आणि लहान मूल. त्यातले ७८ हजार जमिनीवर अंथरले तर मागे दीड महिन्याचीच सोय उरते. हेच ७८ हजार कर्जात भरले तरी पहिल्या वर्षात साडेसहा हजारांच्या वर व्याज वाचेल. अर्थात आज तेही करू नका. आधी गंगाजळी.

मिस्टरांचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. लोकरीचा रग २० वर्षं, सुती सतरंजी आठ आणि पॉलिस्टर चार वर्षं टिकेल असं धरू, आणि वर्षातून एक धुलाई तुमच्या दराने. लोकरीचा रग रोखीने घेतला तरी वर्षाला ३,९०० अधिक धुलाईचे २,०००, म्हणजे ५,९००. पॉलिस्टर १,५०० अधिक २,०००, म्हणजे ३,५००. सुती सतरंजी १,१९० च्या आसपास अधिक १,०००, म्हणजे २,२०० च्या आत. वरवर सुती सतरंजी सर्वांत स्वस्त, पण तिचा आकार निम्मा आहे. चौरस फुटामागे पाहिलं तर पॉलिस्टरला वर्षाला ४४ रुपये, सुतीला ५५, लोकरीला ७४. म्हणजे मिस्टर बरोबर आहेत, फक्त फुटामागे ११ रुपयांनी. चाळीस फुटांना ते होतात वर्षाचे ४४० रुपये. आजोबांच्या मागाची आठवण म्हणून एवढे द्यायला माझी आर्थिक सल्लागार म्हणून काहीच हरकत नाही.

खरा पैसा जातो तो आकारात. आणि ८ बाय १० ची तुम्हाला गरज आहे असं मला वाटत नाही. तीन जणांचा सोफा साधारण साडेसहा-सात फुटांचा असतो. त्याचे पुढचे दोन पाय सतरंजीवर आणि मागचे फरशीवर, अशी मांडणी केली तर ५ बाय ८ पुरते आणि हॉल मोठाही दिसतो. घेण्याआधी जुनी बेडशीट त्या मापात दुमडून दोन दिवस अंथरून ठेवा. दार अडतंय का, सासूबाईंच्या वाटेत कड येतेय का, ते कळेल.

दुसरं, आपलं गाव. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. ८० चौरस फुटांचा लोकरीचा रग घरी धुणं विसराच, ओला झाल्यावर तो दोघांनाही उचलणार नाही. ५ बाय ८ ची सुती सतरंजी पाणी येण्याच्या दिवशी गच्चीवर धुता येते, आपल्या उन्हात वाळतेही लवकर. अशी घरी धुतली तर वर्षाचा धुलाईखर्चही वाचतो. मार्च ते जून सोलापुरात कुणालाही पायाखाली लोकर नको असते, सगळ्यांना गार फरशी हवी असते. म्हणजे २० वर्षांचा म्हणून घेतलेला रग दर वर्षी चार महिने गुंडाळलेलाच राहणार. त्या गुंडाळीत लोकरीला कसर लागते, सोफ्याखालच्या अंधारातही लागते. सुताला तो त्रास फार कमी. लोकर मळ लपवते, सांडलेलं पाणी चटकन शोषत नाही, वर्षानुवर्षं आकार धरून राहते, हे तिचे गुण मला मान्य आहेत. फक्त ते थंड गावात जास्त उपयोगी पडतात. लोकरीचाच हट्ट असेल तर पंढरपूर-सांगोला भागातली घोंगडी बघा. टोचते, पण आपल्या हवेला ओळखते.

आता ‘हातमागाचं’ हे खात्रीने कसं ओळखायचं, कारण तुम्ही जादा पैसे त्याचेच देणार आहात. सोलापुरी चादरीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं आहे, पण चादर आज मुख्यतः यंत्रमागावर होते. जीआय गाव सांगतं, माग सांगत नाही. मागाची खूण म्हणजे हँडलूम मार्कचं लेबल, ते मागा. सतरंजी उलटून पाहा: पंजा विणीत आडवा धागा उभ्या ताण्यावर लोखंडी पंजाने ठोकून बसवलेला असतो, ताणा जवळपास दिसत नाही, आणि दोन्ही बाजूंना नक्षी सारखीच उमटते. एका बाजूला रंग फिका असेल तर ती छपाई. मागे कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड गालिचा, ‘हँडमेड’ म्हणून विकतात खरा, पण त्यातला डिंक काही वर्षांत भुगा होऊन पडतो. टोकाच्या दशा ताण्याच्याच हव्यात, वरून शिवलेल्या नकोत. दोन्ही टोकांची रुंदी टेपने मोजा. थोडा फरक निघाला तर घाबरू नका, ते हाताचं लक्षण आहे. विणीतल्या आडव्या धाग्याचा एक तुकडा मागून घेऊन जाळून पाहा: सूत कागदासारखं जळून राख होतं, लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. शेवटी पांढरा रुमाल ओला करून लाल आणि निळ्या भागावर घासा. रुमालावर रंग उतरला तर ती सतरंजी पहिल्याच धुण्यात शेजारचा पांढरा पट्टा गुलाबी करेल, ती सोडून द्या.

एकाच शोरूमवर थांबू नका. नवलगुंदच्या सतरंज्या धारवाड जिल्ह्यातल्या, वारंगळच्या तेलंगणातल्या. दोन्हींना जीआय आहे. कुणी नातेवाईक त्या बाजूला जाणार असेल तर दर विचारून यायला सांगा. प्रदर्शनातही विणकर स्वतः बसलेले असतात. त्यांच्याशी घासाघीस करायची तर दोन नग घेऊन करा, एकाच नगाचा भाव पाडून नको.

एक खर्च तुम्ही पत्रात धरलेलाच नाही, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सपाट विणीची सतरंजी हलकी असते आणि गुळगुळीत टाइल्सवर सरकते. सासूबाईंचं वय पाहता खाली रबराची जाळी घातल्याशिवाय ती एक दिवसही अंथरू नका. जाळी सतरंजीपेक्षा दोन-दोन इंच आत कापायची, म्हणजे कड जमिनीला चिकटून बसते आणि पाय अडकत नाही. हाड मोडलं तर ऑपरेशनचा आकडा या सगळ्या हिशोबाला गिळून टाकेल. सासूबाईंचा आरोग्य विमा आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर रगाच्या आधी त्याची चौकशी करा.

दर महिन्याला तुमचे २७ हजार उरतात, एसआयपी जाऊन १७ हजार. पुढच्या पगारात साडेनऊ हजारांची सतरंजी आणि जाळी रोखीने घ्या, पक्की पावती घ्या. त्यानंतरचे १७ हजार दर महिन्याला आपत्कालीन निधीत टाकलेत तर दहा-अकरा महिन्यांत ३ लाख ३० हजार पूर्ण होतात. मग बेडरूमसाठी दुसरी सतरंजी हवी असेल तर खुशाल घ्या. आणि हॉलमधली दर दोन-तीन महिन्यांनी फिरवून टाका, गॅलरीच्या बाजूचं टोक आत आणि आतलं बाहेर, नाहीतर आपल्या उन्हाने एका उन्हाळ्यात अर्धी सतरंजी वेगळ्या रंगाची होईल.