मालक नेमका कोण? तात्पुरते कर्मचारी पुरवणाऱ्या एजन्सीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : तात्पुरते कर्मचारी पुरवणारी एजन्सी आधी कोणाची, केली की मॅनपॉवर? दोघांचीही नावं वाचायला मिळतात.

या दोघांत केली दोन वर्षांनी थोरली. विल्यम रसेल केली यांनी १९४६ च्या ऑक्टोबरात डेट्रॉइटला कचेरी उघडली, तेव्हा ते माणसं पाठवतच नव्हते. गिऱ्हाईक कंपन्यांचं टायपिंग, मालसाठ्याच्या याद्यांची आकडेमोड, कागदांच्या प्रती काढणं ही कामं स्वतःच्या कचेरीत आणून करून द्यायची, असा तो धंदा होता. पुढे गिऱ्हाइकंच म्हणू लागली की कागद तुमच्याकडे धाडण्यापेक्षा तुमची टायपिस्टच आमच्याकडे बसवा. मॅनपॉवर निघाली १९४८ मध्ये, मिलवॉकीत. एल्मर विंटर आणि ॲरन शाइनफेल्ड हे दोघे वकील, नात्याने मेहुणे. कोर्टात द्यायचा मसुदा टाइप व्हायचा होता आणि सेक्रेटरी आजारी पडली, त्या धावपळीतून कल्पना सुचली, असं कंपनीच्या इतिहासात सांगतात.

पण आधी कोण, यापेक्षा या लोकांनी जुन्या दलालीत काय बदललं, हे पाहण्यासारखं आहे. नोकरी लावून देणारे दलाल अमेरिकेत आधीपासून होते आणि ते पैसे घेत नोकरी शोधणाऱ्याकडून. त्यात एक ठरलेली लबाडी चाले. दलाल मजुराकडून फी घेऊन त्याला कामावर पाठवी, मुकादम चार दिवसांनी त्याला काढून टाकी, रिकाम्या जागेवर नवा मजूर येई, पुन्हा फी, आणि ती दोघांत वाटली जाई. वॉशिंग्टन राज्यातल्या मतदारांनी १९१४ मध्ये मजुराकडून अशी फी घेण्यावर बंदी घातली. १९१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो कायदा रद्द केला. न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी त्या निकालाला विरोध करताना दलालांच्या या सगळ्या खोडी नोंदवून ठेवल्या आहेत. त्या काळाचा अभ्यास करायचा तर त्यांचं ते भिन्नमत जरूर वाचावं.

नव्या एजन्सींनी मजुराकडून एक पैसाही घेतला नाही. त्यांनी त्याला स्वतःच्या पगारपत्रकावर घेतलं आणि गिऱ्हाइकाला तासाचं बिल लावलं. यातून कायद्याचा फायदाही झाला. ‘आम्ही दलाल नाही, आम्ही मालक आहोत, म्हणून दलालांचे परवाने आणि फीच्या मर्यादा आम्हाला लागू नाहीत,’ असं त्या म्हणू लागल्या. मॅनपॉवरच्या मायामीतल्या कंपनीच्या खटल्यात फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये हे म्हणणं मान्य केलं. ही सूट त्यांना मालकपणाची जबाबदारी घेतल्याबद्दल मिळाली होती. पुढची सगळी भांडणं एजन्सी ती जबाबदारी खरोखर पार पाडते का, यावरची आहेत.

प्रश्न : कर्मचाऱ्याला तासाला २० डॉलर आणि गिऱ्हाइकाला बिल २८ डॉलरचं. म्हणजे एजन्सी ८ डॉलर खिशात घालते?

नाही. अमेरिकेतला हिशोब मांडून बघा. २० डॉलरवर मालकाच्या वाट्याचा सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (वृद्धांचा सरकारी आरोग्य विमा) यांचा कर ७.६५ टक्के, म्हणजे १.५३ डॉलर. बेकारी विम्याचा केंद्राचा कर ०.६ टक्के, म्हणजे ०.१२. राज्याचा बेकारी कर ३ टक्के धरला तर ०.६०. कामावर इजा झाल्यास भरपाई देणाऱ्या विम्याचा हप्ता १०० डॉलर पगारामागे ४ धरला तर ०.८०. सगळं मिळून २३.०५. एजन्सीकडे उरतात ४.९५, आणि कचेरीचं भाडं, भरती करणाऱ्यांचे पगार, बुडालेली बिलं हे सगळं त्यातूनच भागवायचं.

नवशिके इथे दोन ठिकाणी चुकतात. २० वर ८ वाढवले, म्हणजे चढावा ४० टक्के. पण बिलातली शिल्लक २८ मध्ये ४.९५, म्हणजे साधारण १७.७ टक्के. हे दोन आकडे एकच समजून गिऱ्हाइकाला ‘चला, दहा टक्के सूट’ म्हटलं की २.८० डॉलर जातात आणि शिल्लक निम्म्याहूनही खाली येते.

दुसरी चूक बेकारी कराची. केंद्राचा हा कर प्रत्येक कर्मचाऱ्याच्या वर्षातल्या पहिल्या ७,००० डॉलरवरच लागतो. २० डॉलर तासाने ते ३५० तासांत, म्हणजे पूर्णवेळ काम असेल तर नऊ आठवड्यांच्या आत भरतात. माणूस टिकला तर पुढे कर नाही. दर दोन महिन्यांनी नवा माणूस आणला तर प्रत्येकाचे ७,००० पहिल्यापासून मोजायचे. राज्याच्या कराचाही साचा असाच, फक्त मर्यादा आणि दर राज्यागणिक वेगळे. माणसं टिकवणं हा म्हणूनच थेट पैशाचा प्रश्न आहे.

प्रश्न : कामं भरपूर असूनही अशा एजन्सी बुडतात. का?

रोख रक्कम अडकते म्हणून. दहा माणसं, आठवड्याला ४० तास, वरच्या हिशोबाने दर आठवड्याचा खर्च ९,२२० डॉलर. पगार दर आठवड्याला द्यायचा, पण गिऱ्हाईक बिल भरतं ४५ दिवसांनी. सहा आठवड्यांचे ५५,३२० डॉलर बाहेर राहतात आणि पहिल्या बिलाचा पैसा अजून आलेला नसतो. दहाची वीस माणसं झाली की आकडाही दुप्पट. वाढणारी एजन्सी अशीच कोंडीत सापडते आणि येणी गहाण टाकून उचल घेते. त्या उचलीची फी पुन्हा त्याच ४.९५ मधून जाते.

प्रश्न : हजेरीच्या कागदात सर्वात जास्त घोळ कुठे होतो?

दोन गिऱ्हाइकांकडे काम केलेल्या माणसाच्या बाबतीत. समजा सोमवार ते बुधवार एका कंपनीत २५ तास, गुरुवार-शुक्रवार दुसरीकडे २० तास. दोन्ही कागद वेगवेगळे, दोन्हींवर सह्या बरोबर, आणि एकाही गिऱ्हाइकाच्या नजरेत जादा वेळ दिसत नाही. पण मालक एजन्सी आहे. १९३८ च्या अमेरिकी कायद्याने आठवड्याला ४० तासांच्या वर दीडपट मोबदला द्यावा लागतो, म्हणून ४५ पैकी ५ तासांचा जादा मोबदला एजन्सीने द्यायचा. तो कोणाच्या बिलात टाकायचा, हे करारात आधी लिहिलेलं नसेल तर एजन्सीच्या अंगावर.

दुसरा घोळ इजेच्या विम्याचा. माणूस कचेरीतल्या कारकुनाच्या दराने नोंदवलेला असतो आणि गिऱ्हाइकाचा पर्यवेक्षक एक दिवस त्याला गोदामात खोकी उचलायला लावतो. पाठ दुखावली की विमा कंपनी आधी कामाचं वर्गीकरण तपासते. काम बदललं तर त्याच दिवशी एजन्सीला कळवायचं, ही अट करारात मोठ्या अक्षरांत हवी.

प्रश्न : ‘केली गर्ल’ या नावावर इतकी टीका का झाली?

१९५७ ते १९६६ या काळात कंपनीच्या नावातच ‘गर्ल’ होतं. पुढे नाव बदललं, पण जाहिरातींतून ती मुलगी गेली नाही. १९७१ ची एक जाहिरात फार बोलकी आहे. ही मुलगी कधी सुट्टी घेत नाही, पगारवाढ मागत नाही, तिला सर्दी झाली तर तुमच्या वेळेत होत नाही, काम कमी झालं की तिला सोडून द्या, असं ती जाहिरात व्यवस्थापकांना सांगते. आजारपण, सुट्टी, मंदी हा सगळा भार गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून उतरतो हे खरं, पण तो एजन्सीने उचलला नाही तर त्या बाईवरच पडतो. जाहिरातीतलं हे दुखणं आजही संपलेलं नाही, असं माझं मत आहे.

प्रश्न : युरोपात हा धंदा बेकायदा होता का?

कित्येक देशांत होता, कारण नोकरी लावून देणं सरकारी कचेरीचं काम मानलं जाई. स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये १९५७ साली सुरू झालेल्या आदिया या एजन्सीच्या खटल्यात जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने १९६७ मध्ये ही सरकारी मक्तेदारी या धंद्याला लागू नाही असं ठरवलं. १९७२ मध्ये जर्मनी आणि फ्रान्स दोघांनीही कायदे केले. स्वीडनने १९९३ मध्ये आणि इटलीने १९९७ मध्ये दार उघडलं. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १८१ क्रमांकाचा करार केला. एजन्सी चालाव्यात, पण मोजके अपवाद सोडता कामगाराकडून फी घेऊ नये, असं तो म्हणतो. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशाने कायम कर्मचाऱ्यांच्या बरोबरीचा पगार आणि कामाच्या अटी हे तत्त्व घालून दिलं. गिऱ्हाइकाने त्या माणसाला कायम घेऊ नये असं करारातलं कलमही रद्दबातल ठरवलं. मात्र एजन्सीला त्या बदल्यात वाजवी रक्कम घेता येते.

प्रश्न : एकाच जागी वर्षानुवर्षं बसलेला माणूस तात्पुरता कसा?

हाच मुद्दा मायक्रोसॉफ्टच्या खटल्यात आला. स्वतंत्र कंत्राटदार म्हणून घेतलेली माणसं प्रत्यक्षात कर्मचारीच आहेत, असं करखात्याने १९८९-९० च्या तपासणीत म्हटलं. कंपनीने काहींना कायम केलं, पुष्कळांना एजन्सीच्या पगारपत्रकावर हलवलं. जागा, काम आणि वरिष्ठ तेच राहिले. कर्मचाऱ्यांना सवलतीत शेअर मिळण्याच्या योजनेतून आपल्याला वगळलं म्हणून १९९२ मध्ये दावा झाला आणि २००० मध्ये सुमारे ९.७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. पगाराचा चेक कोण देतो एवढ्याने मालक ठरत नाही. रोज काम कोण सांगतं, कसं करायचं ते कोण ठरवतं, काढायचा अधिकार कोणाचा, हेही न्यायालयं पाहतात.

यानंतर बऱ्याच कंपन्यांनी ठरावीक महिन्यांनी तात्पुरत्या माणसाला सक्तीने घरी बसवण्याचा नियम केला. कंपनीचा धोका त्याने टळला, पण घरी बसण्याचा तो काळ माणसाला बिनपगारी गेला. तुम्ही स्वतः अशा जागेवर असाल तर एजन्सीच्या करारात तीन गोष्टी शोधा : सक्तीचा खंड किती दिवसांचा, त्या काळात एजन्सी दुसरं काम द्यायला बांधील आहे का, आणि गिऱ्हाइकाने कायम घ्यायचं ठरवलं तर त्याला किती रक्कम भरावी लागेल. ही शेवटची रक्कम तासांच्या संख्येनुसार घटत शून्यावर येते, असंही कलम करता येतं. सही करण्याआधी ते मागून घ्या.