सील पुन्हा का गेलं? पंप, मोटर आणि पर्मिटबद्दल वाचकांचे प्रश्न

सॉल्व्हंट ट्रान्सफर पंपाचं मेकॅनिकल सील दर दीड महिन्याला जातं. दोन कंपन्यांची सीलं लावून झाली. आता तिसरी बघू का?

आधी सांगा, काढलेली सीलं ठेवली आहेत की भंगारात गेली? मेकॅनिकल सील म्हणजे शाफ्टपाशी गळती रोखणाऱ्या दोन कड्या, एक फिरती आणि एक स्थिर. सील का गेलं ते त्यांच्या फेसवरच, म्हणजे एकमेकींना टेकणाऱ्या पृष्ठभागांवर, लिहिलेलं असतं. फिरणाऱ्या आणि स्थिर फेसमध्ये द्रवाचा जेमतेम एखाद-दोन मायक्रॉनचा थर असतो. तो सुटला की फेस कोरडे घासतात. कठीण फेसवर केसासारख्या बारीक भेगा आणि कार्बनवर खोल चर दिसले, तर पंप कोरडा चालला आहे. मग टाकी कोणत्या पातळीपर्यंत उपसली जाते आणि सक्शनचा स्ट्रेनर शेवटचा कधी साफ केला, हे शिफ्टवाल्यांना विचारा. घासल्याचा पट्टा मात्र अरुंद फेसच्या रुंदीपेक्षा मोठा उमटला असेल, तर शाफ्ट डगमगतो आहे. बेअरिंग, अलाइनमेंट (मोटर आणि पंपाचे शाफ्ट एका रेषेत आहेत का) आणि पाइपचा ताण, तिन्ही तपासा.

पाइपचा ताण सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो. मोटर-पंप जोडणाऱ्या कपलिंगवर डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं उपकरण) लावा आणि लाइन आयसोलेट करून, रिकामी करून सक्शन फ्लँजचे, म्हणजे पाइप पंपाला जोडणाऱ्या चकतीचे, बोल्ट एकेक सैल करत जा. काटा ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलला तर पाइप पंपाला ओढतो आहे. माझ्या हाताखालच्या एका पंपावर आम्ही दोनदा बेअरिंग बदललं, तिसऱ्यांदा अलाइनमेंट केलं. शेवटी फ्लँज सोडला, तर पाइप एका बाजूला उसळला आणि बोल्टची भोकं अर्धी सरकली. बसवताना कोणीतरी चेन ब्लॉकने ओढून फ्लँज जुळवला होता. पाइप कापून नीट वेल्ड केला, खाली सपोर्ट दिला, आणि त्याच कंपनीचं तेच सील नंतर टिकलं. तेव्हा तिसरी कंपनी शोधण्याआधी तुमचा फ्लँज एकदा सोडून बघा.

पाण्यावर ट्रायल घेतली तेव्हा पंप व्यवस्थित चालला. ९८ टक्के सल्फ्युरिक ॲसिड घेतल्यावर मोटर ट्रिप होते. इलेक्ट्रिशियन म्हणतो, ओव्हरलोड रिलेचं सेटिंग वाढवू.

वाढवू देऊ नका. मोटरने जास्त करंट खेचला की ती बंद करणं हेच या रिलेचं काम, आणि तो ते चोख करतो आहे. सेंट्रिफ्यूगल पंप पाणी जितके मीटर उचलतो, तितकेच मीटर ॲसिडही साधारण उचलतो, पण हे ॲसिड पाण्याच्या १.८४ पट जड आहे. त्याच फ्लोला पाण्यावर १२ किलोवॅट लागत असतील तर ॲसिडवर २२ किलोवॅट लागणार. तुमची मोटर १५ किलोवॅटची असेल तर सेटिंग वाढवून वाइंडिंगच जळेल.

तात्पुरता उपाय म्हणजे डिस्चार्ज व्हॉल्व्ह थोडा आवळा आणि ॲम्पिअर पाहा. सक्शनच्या व्हॉल्व्हला हात लावू नका, त्याने कॅव्हिटेशन होईल, म्हणजे पंपात वाफेचे बुडबुडे होऊन फुटतील. कायमचा उपाय मोठी मोटर किंवा कापलेला इम्पेलर, म्हणजे पंपाचं फिरणारं चाक. व्यास १० टक्के कमी केला तर पॉवर ढोबळमानाने २७ टक्के उतरते, मात्र हेडही, म्हणजे पंप द्रव किती मीटर उचलतो तेही, सुमारे १९ टक्के जातो. तेवढा हेड तुमच्या लाइनला परवडतो का, ते आधी तपासा.

फ्लेमप्रूफ मोटरच्या टर्मिनल बॉक्सला पावसाळ्यासाठी सिलिकॉन सीलंट लावलं तर चालेल का? एक बोल्टही गायब आहे.

दोन्ही चालणार नाही. गॅस आत जाऊच नये यासाठी हा बॉक्स बनवलेला नसतो. आत स्फोट झालाच, तर ज्वाळा जोडाच्या अरुंद फटीतून बाहेर येताना विझावी, इतकी ती फट मोजून ठेवलेली असते. सुकणाऱ्या सीलंटने किंवा एका कमी बोल्टने ती बिघडते. निर्मात्याने सांगितलेलं न सुकणारं ग्रीस वापरा, आणि बोल्ट मूळ ग्रेडचाच बसवा. तोवर मोटर बंद ठेवा.

मी ऑपरेटर आहे. मेंटेनन्सने जॉब अर्धा सोडला आणि शिफ्ट बदलली. पर्मिट कंट्रोल रूममध्ये ठेवलेलं असतं, तेवढं पुरेसं आहे ना?

नाही. पर्मिट म्हणजे यंत्रावर काम करायची लेखी परवानगी, आणि ती नुसती ठेवून भागत नाही. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायू प्लॅटफॉर्मवर एका कंडेन्सेट (वायूतून निघणारा ज्वलनशील द्रव) पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता आणि त्या जागी नुसता ब्लाइंड फ्लँज, म्हणजे तोंड झाकणारी चकती, होता. पंपाचं पर्मिट वेगळं, व्हॉल्व्हचं वेगळं. रात्रीच्या शिफ्टला व्हॉल्व्हचं कळलंच नाही. चालू पंप ट्रिप झाला, म्हणून त्यांनी हा सुरू करायला घेतला. त्या फ्लँजमधून गळती झाली, स्फोट झाला, आणि त्या रात्री १६७ माणसं गेली.

म्हणून एकाच यंत्रावरची सगळी पर्मिटं एकमेकांना जोडलेली हवीत. ब्रेकरला कुलूप आणि टॅग हवा, नुसता फ्यूज काढून भागत नाही. हँडओव्हर जागेवर उभं राहून घ्या. जाणाऱ्या माणसाला उघडा फ्लँज हाताने दाखवायला सांगा, आणि लॉगबुकमध्ये टॅग नंबर तुमच्या अक्षरात लिहा. दहा मिनिटं उशीर झाला तर होऊ द्या. त्याला घरी जायची घाई असली, तरी ही दहा मिनिटं मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.