फळांतील अँटिऑक्सिडंटमुळे अल्झायमर टळतो का?

प्रश्न : आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. माझ्या सासूबाईंचे वय ७३ असून गेल्या वर्षभरात त्यांचा विसराळूपणा वाढला आहे. वाणसामानाच्या यादीत एकच वस्तू दोन-तीनदा लिहिलेली सापडते, आणि सणासुदीला सगळ्या नात्यात पुरणपोळी त्यांच्याच हातची हवी असे, त्या आता पुरणाचे प्रमाण मला विचारतात. त्यांना मधुमेह आहे आणि बऱ्याच वर्षांपासून मेटफॉर्मिन चालू आहे. फळांतील अँटिऑक्सिडंट मेंदूच्या पेशींचे अल्झायमरपासून रक्षण करतात असे वाचून माझे यजमान त्यांना रोज सकाळी सफरचंद आणि डाळिंबाचा गाळलेला रस देतात. आता क्वेरसेटिन या सफरचंदातील अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूलही मागवायच्या म्हणतात. याचा उपयोग होईल का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : आपल्या यजमानांनी वाचलेले खोटे नाही, मात्र ते प्रयोगशाळेत सिद्ध झालेले आहे, रुग्णांमध्ये नव्हे. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के ऑक्सिजन तो एकटाच वापरतो. त्यातून निर्माण होणारे मुक्त मूलक, म्हणजे अस्थिर रेणू, पेशींच्या स्निग्ध आवरणाला इजा करतात; त्यांना निष्प्रभ करणारी द्रव्ये म्हणजे अँटिऑक्सिडंट. १९०६ साली जर्मनीत डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी ज्या रोगाचे वर्णन केले, त्यात मेंदूत अमायलॉइड या प्रथिनाचे थर आणि टाऊ प्रथिनाच्या गुंतवळी आढळतात, आणि त्यांच्या जोडीला ही ऑक्सिडीकरणाची इजाही दिसते. ती इजा रोगाचे मूळ आहे की परिणाम, यावर तज्ज्ञांचे अजून एकमत नाही.

सफरचंदाची कीर्ती पसरली ती अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील संशोधनामुळे. तेथे २००४ साली उंदरापासून मिळवलेल्या, चेतापेशींसारख्या वागणाऱ्या पेशींवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा मारा करण्यात आला, तेव्हा आधी क्वेरसेटिन दिलेल्या पेशी क जीवनसत्त्व दिलेल्या पेशींपेक्षा अधिक तगल्या. पुढे २००८ साली सफरचंद, केळी आणि संत्री यांच्या अर्कांनीही असेच संरक्षण दिल्याचे दिसले. प्रयोग चोख होता, परंतु तेथे औषध थेट पेशीवर ओतलेले होते. आपण खाल्लेल्या क्वेरसेटिनचे आतड्याच्या अस्तरात आणि यकृतात रूपांतर होते, रक्तात त्याचे प्रमाण अगदी थोडे राहते, आणि त्यानंतर रक्तातून मेंदूत काय जाऊ द्यायचे हे ठरवणारा नैसर्गिक अडसर त्याला ओलांडावा लागतो. कॅप्सूलच्या डबीवर छापलेल्या मिलिग्रॅमवरून त्यातले मेंदूपर्यंत किती पोहोचते, याचा काहीच अंदाज येत नाही.

माणसांवरील अभ्यास आशादायक आहेत, पण त्यांची जात वेगळी आहे. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन पाहणीत (२०१२) सत्तरी ओलांडलेल्या १६,०१० स्त्रियांपैकी ज्या स्ट्रॉबेरी आणि ब्लूबेरी अधिक खात, त्यांची बौद्धिक घसरण अडीच वर्षांपर्यंत लांबलेली आढळली. शिकागोतील ९२१ ज्येष्ठांच्या २०२० सालच्या अभ्यासात फ्लॅव्होनॉल (क्वेरसेटिन ज्या गटात मोडते ती वनस्पतींतील द्रव्ये) सर्वाधिक घेणाऱ्यांमध्ये अल्झायमरचे निदान ४८ टक्क्यांनी कमी दिसले. त्यांच्या ताटात फळांइतकाच पालेभाज्यांचा आणि चहाचाही वाटा होता. मात्र जो नियमाने फळे खातो तो बहुधा फिरायलाही जातो, रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतो आणि त्याच्या गाठीला चार पैसेही असतात, त्यामुळे श्रेय नेमके फळाला द्यायचे की एकूण राहणीला, हे अशा पाहणीतून पूर्णपणे सुटे करता येत नाही. बेरी आणि पालेभाज्यांवर भर देणाऱ्या ‘माइंड’ आहाराची ६०४ ज्येष्ठांवर चिठ्ठ्या टाकून गट पाडून ३ वर्षे चाचणी झाली. तिचा निकाल २०२३ साली आला, तेव्हा दुसऱ्या गटाच्या तुलनेत लक्षणीय फरक दिसला नाही. कॅप्सूलबाबत तर मी अधिकच सावध आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अल्झायमरच्या रुग्णांना ई आणि क जीवनसत्त्व ही अँटिऑक्सिडंट अल्फा-लिपॉइक आम्ल या आणखी एका अँटिऑक्सिडंटसह १६ आठवडे दिली गेली. मज्जाद्रवातील (मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातील) अमायलॉइड आणि टाऊ यांवर त्याचा परिणाम झाला नाही, उलट त्या गटाचे बौद्धिक गुण जास्त वेगाने उतरले.

तेव्हा कॅप्सूल मागवू नयेत, आणि गाळलेला रस आजच बंद करावा. सफरचंदातील क्वेरसेटिन मुख्यतः सालीत असते; साल आणि तंतू चोथ्याबरोबर टाकून दिल्यावर पेल्यात उरते ती प्रामुख्याने साखर, आणि मधुमेहात तीच नेमकी नको असते. फळे मात्र जरूर द्यावीत, पण चावून खाण्यासाठी : स्वच्छ धुतलेल्या सफरचंदाच्या सालीसकट फोडी, पेरू, आवळा, आणि हंगामात जांभळे. परदेशी ब्लूबेरीची डबी आणून फ्रीजमध्ये जपून ठेवायची आणि दारावरून जांभळांची हातगाडी जाऊ द्यायची, हे मला कधी उमगलेले नाही. जिभेला जांभळे करणारी रंगद्रव्ये ब्लूबेरीतील रंगद्रव्यांच्याच कुळातली आहेत. जांभळावर तशा मोठ्या मानवी चाचण्या झालेल्या नाहीत हे खरे, पण ते फळ म्हणूनच खायचे आहे, औषध म्हणून नव्हे.

आपल्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य फळांविषयीचे नसून मेटफॉर्मिनविषयीचे आहे. हे औषध दीर्घकाळ घेतल्याने ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि सासूबाई शाकाहारी असतील तर ती शक्यता आणखी वाढते. ब-१२ची कमतरता, थायरॉइडची मंदावलेली क्रिया आणि नैराश्य यांमुळेही असाच विसराळूपणा येतो, आणि या तिन्हींवर उपचार आहेत. मेटफॉर्मिन परस्पर बंद करू नये. आठवडाभरात फिजिशियनला दाखवून रक्ततपासणी आणि स्मरणशक्तीची प्राथमिक चाचणी करून घ्यावी. गरज वाटल्यास ते पुढे न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवतील. त्याच फेरीत कानांची तपासणीही उरकावी. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या २०२४ सालच्या अहवालानुसार डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) सुमारे ४५ टक्के प्रकरणे १४ टाळता येण्याजोग्या कारणांशी निगडित आहेत, आणि बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल व एकटेपणा ही त्या यादीत आहेत. डॉक्टरांकडे जाताना वाणसामानाच्या त्या जुन्या-नव्या याद्या सोबत न्याव्यात. विसरण्याला कधी सुरुवात झाली आणि ते कसे वाढत गेले, हे त्यांवरून चांगले कळते.

प्रश्न : माझ्या आईला अल्झायमर होता. मी ५८ वर्षांचा आहे. खबरदारी म्हणून ई जीवनसत्त्वाच्या जास्त शक्तीच्या गोळ्या सुरू करू का? मला हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारे औषध चालू आहे.
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : करू नका. ७,५४० पुरुषांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ई जीवनसत्त्व किंवा सेलेनियम हे खनिज यांपैकी कशानेही डिमेन्शिया टळला नाही. सौम्य ते मध्यम अल्झायमर असलेल्यांना मोठ्या मात्रेने थोडा लाभ झाल्याचे २०१४ सालच्या चाचणीत दिसले, पण ते रोग जडलेल्यांबाबत आणि वैद्यकीय देखरेखीखाली. ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि आपल्या औषधाबरोबर तो अधिकच होतो. बदाम, शेंगदाणे आणि सूर्यफुलाच्या बियांतून हे जीवनसत्त्व पुरेसे मिळते. आईचा आजार कोणत्या वयात सुरू झाला होता, हे मात्र आपल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. तो साठीच्या आत सुरू झाला असेल, तर आनुवंशिकतेच्या दृष्टीने वेगळा सल्ला घेणे योग्य ठरेल.