फिलिपिन्ससारखी साखरेत तळलेली केळी (बनाना क्यू) घरी कशी करायची? माझ्या केळ्यांचा लगदा होतो.

घरी करता येतात, आणि साध्या कढईत करता येतात. तुम्ही लिहिलंय की बाजारातली नेहमीची पिवळी केळी तळली तर त्यांचा लगदा झाला आणि वेगळा पाक करून त्यात घोळवली तर वर दगडासारखा थर बसला. यात तुमच्या हाताचा दोष नाही. केळं चुकलं आणि साखर वितळवायची जागा चुकली.

मी व्यापारी जहाजावर इंजिनिअर आहे, घर रत्नागिरीकडे. माझ्या बहुतेक बोटींवर निम्म्याहून जास्त खलाशी फिलिपिनो असायचे आणि स्वयंपाकीही त्यांच्यातलाच. दुपारच्या खाण्याला ते 'मेरिएंडा' म्हणतात. शब्द स्पॅनिश, पण आता पुरता त्यांचा झालेला. समुद्र शांत असला की तीनच्या सुमाराला गॅलीतून, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाकघरातून, तापल्या साखरेचा वास खाली इंजिनरूमच्या दारापर्यंत यायचा. बोट हलत असेल तर तळण बंद. स्वयंपाक्याला सगळे 'कुया' म्हणत, म्हणजे आपल्याकडचं 'दादा'. मीही तेच म्हणायचो, आणि हे करायला त्यानेच शिकवलं.

बनाना क्यू हे नाव 'बनाना' आणि 'बार्बेक्यू' जोडून झालेलं आहे. निखाऱ्यावर मात्र काही भाजत नाहीत. तळलेली केळी बांबूच्या काडीला ओवून देतात, एवढाच बार्बेक्यूशी संबंध.

आधी केळ्याबद्दल. तिकडे 'साबा' जातीची केळी वापरतात. बुटकी, जाड, कडा असलेली. त्यांच्यात पिष्ट भरपूर, त्यामुळे पिकली तरी गर घट्ट राहतो आणि तेलात आकार सोडत नाही. आपली जळगावची केळी खायला उत्तम, पण पिकली की मऊ आणि पाणीदार होतात. गरम तेलात त्यांचा लगदा होणारच. वेलची केळ्यांचंही तेच.

एकदा कोचीला बोट लागली होती. कुया बाजारात गेला, नेंद्रन केळ्याला अंगठ्याने दाबून पाहिलं आणि म्हणाला, हे चालेल. मला तेव्हा उमगलं की आमच्या घरामागची राजेळी याच्याच भाऊबंदांतली. तेव्हापासून सुट्टीवर आलो की राजेळीचीच करतो. कोकणात आणि वसईकडे राजेळी मिळतात, शहरात केरळी दुकानात नेंद्रन हमखास असतात. साल पूर्ण पिवळी, त्यावर थोडे काळे डाग, पण दाबल्यावर बोट आत जाऊ नये, अशी घ्या. हिरवी घेतलीत तर चव वेफरच्या केळ्यासारखी लागेल, गोडी येणार नाही.

आता साखर. इथेच सगळी गंमत आहे. पाक करायचाच नाही. साखर थेट तळणाच्या तेलात टाकायची. साखर पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. म्हणून ती कढईच्या तळाशी जाते, उष्णतेने तिथेच वितळते, तांबूस होते आणि केळ्याच्या ओलसर अंगाला जाऊन चिकटते. थर पातळ बसतो आणि थंड झाल्यावर काचेसारखा कुरकुरीत होतो.

4 राजेळी केळी सोलून प्रत्येकी 3 तुकडे करा. तुकडे धुऊ नका, वरून पाणी लागलं तर तेल अंगावर उडेल. पसरट कढईत तुकडे निम्म्याहून जास्त बुडतील इतकं तेल मध्यम आचेवर तापवा. सहा तुकडे सोडा आणि दोन-तीन मिनिटं, कडा सोनेरी होईपर्यंत तळा. मग अर्धी वाटी साखर एका जागी न ओतता सगळीकडे भुरभुरवा. पहिलं मिनिटभर काहीच होत नाहीसं वाटेल. आच वाढवू नका. झाऱ्याने तळापासून हलवत राहा आणि तुकडे उलटत राहा. साखर वितळून धाग्यासारखी केळ्यांभोवती फिरू लागली की लक्ष तिथेच हवं. मधाच्या रंगावरून काळपट व्हायला मिनिटही लागत नाही, आणि काळी झाली की कडू. कोऱ्या चहाचा तांबूस रंग आला की लगेच काढा.

काढून कागदावर ठेवू नका, कागद चिकटून बसेल. तेलाचा हात लावलेल्या ताटात किंवा जाळीवर तुकडे सुटे सुटे ठेवा. काडीला पाच मिनिटांनी ओवा. त्याआधी चव घेऊ नका, लहान मुलांना तर जवळ येऊ देऊ नका. वितळलेली साखर कातडीला चिकटून राहते, नुसत्या तेलापेक्षा वाईट भाजते. दुसऱ्या घाण्याआधी तळाशी राहिलेली साखर झाऱ्याने काढून टाका, नाहीतर तीच जळून सगळ्याला कडवटपणा देईल.

तिकडे तांबूस साखर वापरतात. आपल्याकडे ब्राऊन शुगर किंवा खांडसरी मिळाली तर तीच घ्या, काकवीचा वास उतरतो. पांढऱ्या साखरेनेही होतं, चव जरा सपाट लागते. गूळ मात्र नको. मी दोनदा करून पाहिलं: त्यातल्या ओलाव्याने तेल तडतडतं आणि रंग येईपर्यंत करपतो.

हे जमलं की 'तुरोन' नक्की करा. मला तो बनाना क्यूपेक्षाही आवडतो. केळ्याची उभी फाक साखरेत घोळवायची, तिच्याशेजारी फणसाच्या गऱ्याची एक पट्टी ठेवायची आणि पातळ पारीत गुंडाळून याच पद्धतीने साखर टाकून तळायचं. त्यांची 'लुम्पिया'ची पारी इथे सहज मिळत नाही, पण स्प्रिंग रोलची किंवा समोशाची तयार पट्टी चालते. कडा मैद्याच्या खळीने चिकटवा. गरा काप्या फणसाचाच, म्हणजे घट्ट गऱ्याचा घ्या. मऊ, रसाळ गऱ्याचा बरका घातलात तर आतून पाणी सुटून पारी फुटेल. मे महिन्यात राजेळी आणि कापा दोन्ही हाताशी असतात, तेव्हा करून बघाच. रताळ्याच्या चकत्यांचंही याच रीतीने होतं, त्याला ते 'कामोते क्यू' म्हणतात.

कढईला चिकटलेली साखर घासत बसू नका. तेल निवलं की गाळून घ्या, कढईत पाणी घालून उकळा, सगळी सुटून येते. आणि पावसाळ्यात करणार असाल तर तासाभरात संपतील इतकीच करा. आमच्याकडे जुलैत अर्ध्या तासात साखरेला पाणी सुटतं आणि कुरकुरीतपणा जातो.