हात वर करायच्या आधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

शालेय बेसबॉलच्या सामन्यात तू केलेल्या अंपायरिंगची मेल दोनदा वाचली. पाचवी इनिंग, शॉर्टस्टॉपचा (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाचा) फर्स्ट बेसकडे थ्रो, तू दिलेला 'आउट', डगआउटमधून, म्हणजे संघाच्या बाकांवरून, तरातरा आलेला कोच, तू त्याला मैदानाबाहेर काढणं, आणि मग रात्रभर डोळ्याला डोळा नाही. शेवटी दोन प्रश्न: मी चुकलो का, आणि हे काम सोडू का. बाबांचं म्हणणं, क्रिकेटचा पंच कुणाला खुलासे देत बसत नाही, तूही देऊ नकोस. जोडीदार अंपायरचं म्हणणं, जेव्हीच्या, म्हणजे शाळेच्या दुसऱ्या फळीच्या, सामन्यात कोचला काढायचं नसतं. दोघांचंही जरा बाजूला ठेव.

कोचला काढलंस ते बरोबर. तू पोरांकडून सामना चोरलास, असं तो मोठ्याने म्हणाला. हा निकालावरचा आक्षेप राहिला नाही, तुझ्या प्रामाणिकपणावरचा आरोप झाला. पण चूक त्याच्या मिनिटभर आधी झाली होती आणि ती तू स्वतःच लिहून पाठवली आहेस: 'ग्लव्हमध्ये बॉल वाजला आणि माझा हात वर गेला.' हेच ते. हात आधी गेला, डोळे मागून पोचले.

थांब. निकाल द्यायच्या आधी थांब. या पत्रात मी हे इतक्यांदा सांगणार आहे की तू वैतागशील. वैताग, पण थांब.

फर्स्ट बेसवर बॉल आधी की धावणारा, हे ठरवताना आपण बॅगकडे, म्हणजे बेसच्या उशीकडे, बघतो आणि बॉल कानाने ऐकतो, हे तुला पहिल्याच प्रशिक्षण शिबिरात शिकवलंय. पण कान फक्त एक गोष्ट सांगतो: बॉल कधी पोचला. बॉल झेलणाऱ्या फर्स्ट बेसमनचा पाय बॅगवर होता का, हे कान सांगत नाही. बॉल ग्लव्हमध्ये टिकला का, हेही नाही. थ्रो होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा असतो त्या, बाजूला भरकटला की फर्स्ट बेसमन त्या अंगाला ताणला जातो, आणि तू जिथे उभा होतास, म्हणजे 'ए' पोझिशनला, बेसमनच्या मागे दहा-बारा फूट, फाउल लाइनच्या बाहेर, तिथून त्याची टाच बॅगवरून सुटलेली दिसणं फार अवघड असतं. म्हणून थ्रो निघताच तो कुठे चाललाय हे आधी वाच, मग बॅगकडे नजर ने. थ्रो वाकडा दिसला तर एक पाऊल सरकून कोन बदल. अंतर कमी करण्यापेक्षा कोन मिळवणं महत्त्वाचं. अगदी जवळ जाऊन चुकीच्या कोनातून पाहिलेलं सगळं खोटं असतं.

तेव्हा बेसेस रिकामे होते, आधीचा कुणी धावणारा नव्हता. म्हणजे तुझा प्लेट अंपायर, होम प्लेटमागचा जोडीदार, मास्क काढून फर्स्ट बेस लाइनच्या दिशेने वर आलेला असणार. सुटलेला पाय आणि टॅग (धावणाऱ्याला बॉल टेकवणं) हुकणं, या दोन गोष्टी त्याला तुझ्यापेक्षा चांगल्या दिसतात; तो पळत येतो त्याचं एक कारण तेच. तू दीड सेकंद थांबला असतास तर त्याच्याकडे बोट करून विचारता आलं असतं: "पाय होता का?" तो 'हो' म्हणाला की तू आउट दे, 'नाही' म्हणाला की सेफ. निकाल तुझाच राहतो, कुणी बाहेर येत नाही, सामना पुढे जातो. लक्षात ठेव, तू विचारल्याशिवाय त्याने तोंड उघडायचं नसतं. जोडीदाराच्या निकालात न विचारता कुणी पडत नाही. त्यामुळे तो गप्प राहिला याचा त्याच्यावर राग धरू नकोस. दार तुझ्या बाजूने बंद होतं.

आता बाबांच्या क्रिकेटचं. घरात क्रिकेटच बोललं जातं, त्यामुळे ही तुलना तुझ्या डोक्यातून जाणार नाही, मग नीट तरी कर. क्रिकेटमध्ये अपील झाल्याशिवाय पंच बाद देत नाही. नियम क्रमांक 31. गोलंदाज वळतो, ओरडतो, आणि तेवढ्या वेळात पंचाला जे पाहिलं ते मनात पुन्हा एकदा चालवून बघता येतं. त्या खेळाने पंचाची उसंत नियमातच लिहून ठेवली आहे. बेसबॉलमध्ये बेस चुकवणं, झेल पूर्ण होण्याआधीच बेस सोडणं अशा मोजक्या गोष्टी सोडल्या तर तुला कुणी काही विचारत नाही. प्रत्येक पिचवर (पिचरच्या फेकीवर), प्रत्येक बेसवर निकाल न मागता द्यायचा, आणि सात इनिंगमध्ये असे दोनशेच्या वर निकाल सहज होतात. इथे उसंत तुझी तुलाच काढावी लागते. बाबांना हे सांग, त्यांना पटेल.

प्लेटमागेही तेच. कॅचर (बॅटरमागे बसून बॉल झेलणारा) आणि बॅटर यांच्या मधल्या फटीत उभा राहा, हनुवटी कॅचरच्या डोक्याच्या उंचीला. डोकं स्थिर, फक्त बुबुळं बॉलबरोबर ग्लव्हपर्यंत. डोकं हललं की स्ट्राइक झोनही, म्हणजे पिच ज्या चौकटीतून गेला तर स्ट्राइक ठरतो ती, हलतो, आणि पोरांना वाटतं अंपायर दर इनिंगला नवा झोन काढतो. शालेय नियमात वरची हद्द खांदे आणि कंबर यांच्या मधोमध आणि खालची गुडघे. प्लेटची रुंदी 17 इंच. बॉल ग्लव्हमध्ये विसावू दे, मग बोल. नवखे अंपायर बॉल प्लेटवर असतानाच मनात 'स्ट्राइक' म्हणून टाकतात, शेवटच्या क्षणी तो खाली पडतो आणि शब्द तोंडातून निघून गेलेला असतो. बॅटर मागे वळून बघतो तो त्यामुळे. हुकलेला स्ट्राइक पोरं विसरतात, घाईचा स्ट्राइक विसरत नाहीत.

मला या खेळातली सगळ्यात आवडणारी गोष्टही थांबण्याचीच आहे. बॅटला निसटता लागलेला फाउल बॉल कॅचरच्या हाताला किंवा मास्कला लागला की प्लेट अंपायर ब्रश काढतो, प्लेटच्या पुढे जातो, मैदानाकडे पाठ करून वाकतो आणि स्वच्छ प्लेट पुन्हा झाडतो. किंवा नवा बॉल स्वतः चालत पिचरला नेऊन देतो. धूळ हे निमित्त. कॅचरला कळ जिरवायला वेळ दिलेला असतो. आणि बॉल अंपायरच्या खांद्यावर बसला की तोच सोळा वर्षांचा कॅचर उठून पिचरकडे चालू लागतो, काहीतरी बोलायचं नाटक करतो. हे नियमात कुठेही नाही. परस्पर आदर म्हणतात तो मला सगळ्यात स्वच्छ इथे दिसतो, आणि वीस सेकंदांत संपतो. तुझ्या मेलमध्ये 'मला त्यांचा आदर मिळत नाही' असं तीनदा आलंय. त्या दिवशी तू प्लेटमागे असतास तर किती वेळा ब्रश काढला असतास, हे स्वतःला विचार.

कोच बाहेर येतो तेव्हा काय करायचं, यावर लोक पानंच्या पानं लिहितात. तो येत असताना तू त्याच्याकडे चालायचं नाही, पाठही फिरवायची नाही. हात बाजूला सैल. कमरेवर नाहीत, छातीवर घडी नाही, बोट तर अजिबात नाही. प्लेटमागे असशील तर मास्क डाव्या हातात. पहिलं वाक्य त्याचं. तो श्वास घेईपर्यंत तू गप्प. मग त्याने प्रश्न विचारला असेल तर उत्तर दे आणि शेरा मारला असेल तर जाऊ दे. "तुला काय दिसलं?" हा प्रश्न आहे, कितीही मोठ्याने विचारला तरी. "कोच, थ्रो आधी आला आणि मला पाय बॅगवर दिसला." एवढंच. "आज काही दिसत नाही वाटतं" हा शेरा आहे, त्याला उत्तर नसतं. त्याला 'कोच'च म्हण, नावाने हाक मारू नकोस. समोरच्या संघाला ती सलगी वाटते. तुला 'ब्लू' म्हणतात त्याचा राग धरू नकोस, ते गणवेशाचं नाव आहे.

तू काय म्हणालास? "माझा निकाल आहे, परत जा." अरे, हे त्याला ठाऊकच होतं! त्याला हे ठाऊक नव्हतं की तू काय पाहिलंस. अधिकाराची आठवण करून देणारा माणूस आपल्याला नक्की दिसलेलं नाही हेच सांगत असतो, आणि तीस वर्षं डगआउटमध्ये काढलेल्या माणसाला त्याचा लगेच वास येतो. तू त्या क्षणीसुद्धा थांबू शकला असतास. "जोडीदाराला विचाराल का?" असं त्याने विचारलं, तेव्हा मनात शंका होती ना? मग विचारायचं. दोघांनी सगळ्यांपासून लांब जायचं, एकच नेमका प्रश्न करायचा, आणि निकाल बदलला तर तो तूच जाहीर करायचा. बेस रिकामे होते, आउटचा सेफ करायला अडचण काहीच नव्हती. शंका नसती तर विचारायची गरज नव्हती, कोचने कितीही मागितलं तरी. प्रत्येक वेळी मागणीवर विचारणारा अंपायर दोन इनिंगमध्ये संपतो.

शब्द कुठवर सहन करायचे? वैयक्तिक झाले, लांबत गेले किंवा शिवीगाळ झाली, तर संपलं. त्याच्या अलीकडे पायऱ्या आहेत: आधी दुर्लक्ष, मग "कोच, ऐकलं मी, पुरे आता", मग रीतसर ताकीद, ती लिहून ठेवायची, मग डगआउटमध्ये बसवणं, मग बाहेर. प्रत्येक पायरी चढलीच पाहिजे असं नाही. कुणी एकदम वरच्या पायरीवर उडी मारली तर तूही तिथेच जायचं. बॅटरने बॅटने मातीत रेघ ओढून पिच कुठे होता ते दाखवलं, की बोलणं संपलं. बाहेर काढताना खूण एकच, आवाज नेहमीचा. पुढचं जोडीदाराचं काम: त्याने मध्ये येऊन कोचला लांब न्यायचं, आणि तू उलट दिशेला जायचं. तू तिथेच उभा राहिलास. का?

आणखी एक, कारण हे शाळेचं मैदान आहे. बाहेर काढलेला कोच नजरेआड जातो आणि संघाशी संपर्क ठेवू शकत नाही. पण बाहेर काढलेला खेळाडू डगआउटमध्येच बसतो, त्याला सांभाळायला जबाबदार मोठं माणूस मिळेपर्यंत. तो अल्पवयीन आहे आणि शाळेच्या ताब्यात आहे. चिडून त्याला पार्किंगमध्ये पाठवू नकोस. आणि जाळीमागच्या पालकांशी आपलं बोलणंच नाही. त्रास वाढला तर यजमान शाळेच्या माणसाला सांगायचं, तो बघेल. मागे वळायचंसुद्धा नाही.

मला लोक फार कडक म्हणतात, सामन्याआधी कोचशी गप्पा मारत नाही म्हणून. म्हणोत. दोन मिनिटांच्या प्लेट मीटिंगमध्ये हस्तांदोलन, लाइनअप कार्ड, मैदानाचे स्थानिक नियम, आणि पोरांचं साहित्य नियमात आहे ना हा दोन्ही कोचना प्रश्न, एवढं पुरतं. हसतखेळत पाच मिनिटं एका कोचपाशी घालवलीस की दुसरा ती मोजतो. उलट, मला खंत आहे ती दुसऱ्या गोष्टीची: कडक राहणं आणि न ऐकणं यातला फरक मला फार उशिरा कळला. कोच बोलत असताना मी पुढचं उत्तर जुळवत असे. तेही घाईतच जमा होतं. तू ते आत्ताच सोड.

2 जून 2010 ला डेट्रॉइटमध्ये काय झालं ते बघून घे. पिचर अर्मांडो गलारागाने 26 फलंदाज ओळीने बाद केलेले, सत्ताविसाव्याला अंपायर जिम जॉइस यांनी फर्स्ट बेसवर सेफ दिला, आणि तो आउट होता. परफेक्ट गेम, म्हणजे एकही बॅटर बेसवर न पोचू दिलेला सामना, हातचा गेला. नंतर चित्रफीत पाहून जॉइस यांनी चूक उघड कबूल केली. दुसऱ्या दिवशी गलारागाने स्वतः लाइनअप कार्ड आणून त्यांच्या हातात दिलं, आणि प्लेटपाशी उभ्या त्या माणसाचे डोळे भरून आले. सगळे हीच दोन दृश्यं सांगतात. तू मधलं बघ. निकालानंतर गलारागा हसला, परत पिचरच्या टेकडावर गेला, पुढचा बॅटर आउट केला. चिडण्याच्या आधी तो थांबला, म्हणून पुढचं सगळं शक्य झालं. तुझ्या सामन्यात रिप्ले नसतो, चूक तुला बहुतेक कळणारही नाही. कळली आणि कोचने नीट विचारलं, तर "माझा हुकला" म्हण, एकदाच. दर इनिंगला माफी मागणाऱ्यावरही कुणी भरवसा ठेवत नाही. आणि पुढच्या इनिंगला त्या संघाला एक स्ट्राइक बक्षीस देऊन हिशेब चुकता करायचा विचार मनात आणूस तर मला पुन्हा लिहू नकोस.

सोडू का, हा प्रश्न मी वाचलाच नाही असं समज. गेल्या काही वर्षांत इथे अमेरिकेत शालेय खेळांतले हजारो पंच काम सोडून गेले, पुष्कळसे याच शिव्यांना कंटाळून. तू एकोणीस वर्षांचा आहेस, धावू शकतोस, नियमांचं पुस्तक वाचतोस, आणि एका निकालाने तुझी झोप जाते. तुला सोडून मी कुणाला शिकवू?

कोचला काढल्याचा रिपोर्ट अजून पाठवला नसशील तर आज पाठव. इनिंग, स्कोअर, आउट किती, कोच कुठे उभा होता, त्याचे शब्द जसेच्या तसे. 'उर्मट', 'आक्रमक' असली विशेषणं काढून टाक. तू पुन्हा वाच, तासभर ठेव, मग पाठव.

गुरुवारी तीच शाळा आहे म्हणतोस. त्या कोचवर बंदी असेल तर सहायक कोच येईल. तसं नसेल तर तोच. प्लेट मीटिंगला हात तू आधी पुढे कर, मागचा विषय काढू नकोस, त्याने काढला तर "आज नवा सामना, कोच" एवढंच म्हण. जोडीदाराशी गाडीपाशीच ठरवून घे: सुटलेल्या पायाची खूण कोणती, इनफिल्ड फ्लायची (आतल्या मैदानातल्या सोप्या उंच झेलाची) कोणती. बेसेस तुझ्याकडे असतील. पहिला थ्रो फर्स्ट बेसला येईल तेव्हा हात मांडीपाशी ठेव, आणि बॉल ग्लव्हमध्ये आहे, पाय बॅगवर आहे, असं मनात पुरतं म्हणून झाल्यावरच वर उचल. संध्याकाळी फोन कर.

तुझा
काका