न्यूट्रॉन सापडायला उशीर का झाला?

प्रश्न : सोन्याच्या वर्खावर कणांचा मारा करून रदरफोर्ड यांनी १९११ साली अणूचे केंद्रक शोधले, असे अकरावीतल्या नातीला शिकवताना वाचनात आले. वर्ख आमच्या सराफ्यात नेहमीच दिसतो, म्हणून कुतूहल वाढले. मात्र त्याच केंद्रकातला न्यूट्रॉन १९३२ पर्यंत का सापडला नाही?
– एक निवृत्त शिक्षक, इंदूर

उत्तर : न्यूट्रॉनवर विद्युतभार नाही, आणि त्या काळचे बहुतेक प्रयोग भाराच्याच आधारे कण ओळखत. थॉमसन यांनी १८९७ साली केंब्रिजमध्ये इलेक्ट्रॉन ओळखला, तो कॅथोड किरण विद्युत व चुंबकीय क्षेत्रांत वळतात यावरूनच. आपण म्हणता तो वर्ख मिलिमीटरच्या सुमारे अडीच हजाराव्या भागाइतका पातळ होता. मँचेस्टरमध्ये गायगर आणि मार्सडेन यांनी त्यावर अल्फा कण (म्हणजे धनभारित हेलियम केंद्रके) सोडले, तेव्हा बहुतेक सरळ पार गेले आणि वीस हजारांत एखादाच काटकोनात वळला. त्याला वळवले केंद्रकाच्या धनभाराने, त्यामुळे केंद्रकात आणखी काय आहे हे या प्रयोगातून कळणे शक्य नव्हते.

हिशेब मात्र जुळत नव्हता. प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनचे केंद्रक, त्याचा भार १ आणि वस्तुमान १; इलेक्ट्रॉनचा भार उणे १ आणि वस्तुमान नगण्य. हेलियमच्या केंद्रकाचा भार मात्र २, वस्तुमान ४. तेव्हा त्यात चार प्रोटॉन आणि दोन इलेक्ट्रॉन असावेत, असे मानले गेले. या कल्पनेला आज हसू नये, कारण बीटा किरणांत केंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडताना दिसतच होते. भाररहित कणाची शक्यता स्वतः रदरफोर्ड यांनी १९२० साली बोलून दाखवली होती.

पुढे बेरिलियमवर अल्फा कण आदळले की अतिशय भेदक प्रारण निघते, असे आढळले. पॅरिसमध्ये इरेन आणि फ्रेडरिक झोलिओ-क्युरी यांनी ते मेणासारख्या पॅराफिनवर सोडले, तेव्हा त्यातून वेगवान प्रोटॉन बाहेर पडले. पण प्रारण गॅमा किरणांचेच, म्हणजे प्रकाशासारख्या वस्तुमान नसलेल्या किरणांचे आहे, असे त्यांनी धरले. कॅरममध्ये एक सोंगटी तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या सोंगटीवर समोरासमोर आदळली, तर पहिली जवळजवळ थांबते आणि तिचा वेग दुसरीला मिळतो. नातीला हे पटावर दाखवता येईल. चॅडविक यांनी केंब्रिजमध्ये नेमके हेच ताडून पाहिले. गॅमा किरण मानले, तर हायड्रोजनला बसलेल्या धक्क्यावरून ऊर्जेचा एक आकडा निघे आणि नायट्रोजनच्या धक्क्यावरून वेगळाच. प्रोटॉनएवढ्या वस्तुमानाचा भाररहित कण, म्हणजेच न्यूट्रॉन, मानताच दोन्ही धक्के एकाच हिशेबात बसले.