बाउंडरी लेयर : सीमारेषा, सीमाथर की सीमास्तर?

चिकोडी तालुक्यातील एका साखर कारखान्यात काम करणाऱ्या वाचकाने विचारले आहे की, रस तापवणाऱ्या नळ्यांविषयी कामगारांसाठी मराठी पुस्तिका लिहिताना ‘बाउंडरी लेयर’ला सीमारेषा म्हणावे, सीमाथर की सीमास्तर, आणि ‘बाउंडरी लेयर कंट्रोल’साठी ‘नियंत्रण’ हा शब्द पुरेल का?

सीमारेषा प्रथम बाद करावी, कारण रेषेला जाडी नसते आणि येथे सगळा प्रश्न जाडीचाच आहे. नळीच्या भिंतीला टेकलेला रस जागचा हलत नाही, त्याच्या आतला किंचित सरकतो, आणखी आतला अधिक वेगाने वाहतो. वेग असा हळूहळू वाढत जाणाऱ्या पट्ट्याला जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांनी १९०४ साली जर्मनमध्ये जे नाव दिले, त्याचाही अर्थ ‘सीमेवरचा थर’ असाच होतो. हा पट्टा नेमका कुठे संपतो हे दिसत नाही, म्हणून मुख्य प्रवाहाच्या ९९ टक्के वेग जिथे मिळतो तिथे त्याची कड मानतात. आपण सीमाभागातले लोक. निपाणीहून बेळगावकडे येताना मराठी कोणत्या दगडापाशी संपते हे दाखवता येत नाही, तेव्हा ही कल्पना आपल्याला अवघड जाऊ नये.

‘थर’ हा ‘स्तर’चाच घरगुती अवतार, आणि एरवी मी तोच निवडला असता. परंतु कारखान्यात ‘नळीत थर बसलाय’ म्हटले की कामगार ब्रश शोधू लागतो. क्षारांचा तो थर खरवडून निघतो. सीमास्तर निघत नाही, कारण तो वाहता रसच असतो आणि मोडला तरी पुढे पुन्हा तयार होतो. दोन्ही उष्णतेला अडवतात, म्हणून तर घोटाळ्याची भीती अधिक. पुस्तिकेत ‘सीमास्तर’ ठेवावा.

‘नियंत्रण’ चुकीचे नाही, पण मोघम आहे. संथ प्रवाहात, रेनॉल्ड्स अंक (प्रवाह संथ की खळबळता हे सांगणारा आकडा) २००० धरला तर, २५ मिलिमीटर व्यासाच्या नळीत तोंडापासून सुमारे अडीच मीटरवर चहूबाजूंचे स्तर मध्यभागी एकत्र येतात. उष्णता सर्वांत चांगली शिरते ती त्याआधी, तोंडाजवळ, जिथे स्तर पातळ असतो. नळीत पिळाची पट्टी किंवा तारेचे वेटोळे घालतात ते तो पुन्हा पुन्हा मोडण्यासाठीच. म्हणून शीर्षकात ‘सीमास्तर-नियंत्रण’ असू द्यावे, मजकुरात मात्र ‘स्तर पातळ करणे’, ‘स्तर मोडणे’ अशी क्रियापदे वापरावीत.

आपल्या मसुद्यातील ‘संवहन’ (वाहत्या द्रवाबरोबर उष्णता पसरणे, म्हणजे ‘कन्व्हेक्शन’) हिंदी पुस्तकांतून आलेले दिसते. मराठी शाळेत आपण ‘अभिसरण’ शिकलो.

वाक्य असे करता येईल : ‘पिळाच्या पट्टीमुळे सीमास्तर मोडतो व रस लवकर तापतो, मात्र प्रवाहाला अडथळा वाढल्याने पंपावरचा भारही वाढतो.’